अवरक्त तापमापक (स्पर्शविरहित)
प्रत्येक वस्तू तापमानानुसार अवरक्त किरण उत्सर्जित करते. तापमापकातील भिंग हे किरण थर्मोपाइल या उष्णता-संवेदकावर एकवटते. निर्माण होणाऱ्या विद्युत्‌दाबावरून पृष्ठभागाचे तापमान ठरते. त्वचेची उत्सर्जकता (किरण उत्सर्जित करण्याची सापेक्ष क्षमता) सुमारे ०.९८ असल्याने कपाळाचे मापन जमते. चकचकीत धातूची ती कमी असल्याने मापन फसते. २०२० मध्ये कोविडकाळात गोव्याच्या सीमेवर, पेडण्यातील पत्रादेवी व डिचोली तालुक्यालगतच्या दोडामार्ग नाक्यांवर, प्रवाशांची अशी तपासणी झाली. उन्हातून आलेल्याचे कपाळ तापलेले असते आणि ताप नसलेला बाधित सुटतो, म्हणून हे साधन निरुपयोगी, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे: ते त्वचेचे तापमान मोजते, रोग नव्हे. मात्र स्पर्शाविना, क्षणात संशयित निवडण्यास ते उपयुक्त ठरते. त्यासाठी सावलीत थांबवून फेरमापन आणि साध्या तापमापकाने खातरजमा आवश्यक आहे.