घाटावरचा धनी

पालीच्या बल्लाळेश्वराची मोठी घंटा, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये फिरंग्यांकडून वसई घेतल्यावर, देवास अर्पण केली असे सांगतात. यात्रेकरू ती पाहतो, सरसगडाकडे नजर टाकतो आणि परततो, परंतु ज्या भातखाचरांमधून त्याची वाट येते त्यांचा धनी कोण होता, हे विचारण्याचे त्याच्या मनात येत नाही.

मला मात्र तेथे हटकून लंडनच्या एका मेयराची आठवण होते. विल्यम बेकफर्ड १७०९ मध्ये जमेकात जन्मला, वडील व थोरला भाऊ यांच्या पश्चात उसाच्या अनेक मळ्यांचा आणि त्यांवर राबणाऱ्या सहस्रावधी गुलामांचा स्वामी झाला, पार्लमेंटात लंडन शहराचा प्रतिनिधी म्हणून बसला, दोनदा मेयर झाला, आणि १७७० मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाला समोरासमोर खडे बोल ऐकवून प्रजेच्या हक्कांचा कैवारी ठरला. गिल्डहॉलमधील त्याच्या पुतळ्याखाली ते भाषण कोरलेले आहे. त्यात जमेकाचे नावही नाही. मळे मुखत्याराने पाहावेत, साखर धन्याने खावी, असा तो रिवाज होता.

पालीत सारा वसूल करणाऱ्या खोताला मात्र गुलामासारखे कूळ विकता येत नसे. हा भेद लहान नव्हे. परंतु धनी दूर आणि वसुली उशाशी, ही रचना येथेही होती. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत सचिवपद लाभलेल्या शंकराजी नारायणांच्या वंशजांचा दरबार घाटावर भोरला, आणि घाटाखालचा सुधागड तालुका, ज्याचे ठाणे पाली, त्यांच्याच दौलतीत मोडे. गावात उभा राही तो खोत: सरकारचा सारा भरण्याची हमी घेणारा, खोती खासगी जमीन स्वतःकडे ठेवून उरलेलीवर कुळांकडून धान्य मोजून घेणारा.

अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध नांगर खाली ठेवले, ते नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षे उचलले नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले असते तरी पालीच्या कुळाच्या पदरात काही पडले नसते, कारण मुंबई इलाख्याचा कायदा भोर संस्थानच्या शिवेपाशी थांबे. १९४८ मध्ये भोर विलीन झाले; पण रत्नागिरी-कुलाब्याची खोती १९४९ च्या कायद्याने गेल्यावरही जंजिरा आणि भोर यांच्या मुलखासाठी १९५३ मध्ये निराळा कायदा करावा लागला.