फुटकी बादली आणि शिक्क्याचा कागद

परवा टीव्हीवर 'झुंड' लागला होता. तिसऱ्यांदा बघितला. नागराज मंजुळेंच्या या 2022 च्या सिनेमात अमिताभ बच्चन ज्यांच्यावरून बोराडे सर झालेत, ते विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. सिनेमा संपला आणि मला आमच्या बोरी अरबचा एक मुलगा आठवला. त्याच्याकडे नंतर येतो. आधी बारसे सर.

हिस्लॉप हे नागपुरातलं जुनं कॉलेज, 1883 सालचं. कॉलेजात टीम घडवणाऱ्या सरांचं वर्ष कसं जातं ते खेळलेल्यांना माहीत आहे. पावसाळ्यात निवड, मग पहाटेची प्रॅक्टिस, मग आंतरमहाविद्यालयीन सामने. एक-दोन पोरं विद्यापीठाच्या संघात गेली की सीझन पावला! पुढच्या वर्षी नवी पोरं, पुन्हा पहिल्यापासून. पण मैदानाच्याही आधी एक कागद असतो. पात्रतेचा फॉर्म. नाव, वय, प्रवेश, मार्कशीट, प्राचार्यांची सही आणि शिक्का. प्रवेश नसेल तर पाय कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

2001 च्या सुमाराची गोष्ट. पाऊस आला म्हणून बारसे सर झाडाखाली थांबले. समोर झोपडपट्टीतली पोरं चिखलात एक फुटकी बादली लाथाडत होती. इतकी वर्षं मैदानावर काढलेल्या माणसाला कळलं, की हा दंगा नाही, हा फुटबॉल आहे. सरांनी त्यांना खरा बॉल दिला. मग झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्पर्धा भरवली, तर 128 संघ आले! बाद पद्धतीने खेळवायचं म्हटलं तरी 127 सामने होतात. त्यातल्या किती पोरांचं नाव कुठल्या कॉलेजच्या फॉर्मवर आलं असतं?

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. सरांनी काही नवीन विद्या शोधली नाही. शिट्टी तीच, ड्रॉ तेच, वेळेवर येण्याची शिस्तही तीच. जे कॉलेजच्या भिंतीच्या आत करत होते तेच भिंतीबाहेर केलं. फक्त फॉर्म मागितला नाही.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. निवृत्तीचा पैसा नागपूरजवळ बोखाऱ्याच्या जागेत घातला. मुलगा अभिजित अमेरिकेतून परत येऊन कामाला लागला. 'स्लम सॉकर' नाव झालं. 2010 साली रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये अखिलेश पॉल भारताचा कॅप्टन होता. 2014 मध्ये 'सत्यमेव जयते'त त्याने आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगितली. 2016 चा फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्डही संस्थेला मिळाला.

आता बोरीचा मुलगा. नाव लिहीत नाही, घरची मंडळी ओळखतीलच. आमच्याकडे फुटबॉल कमीच, कबड्डी नाहीतर व्हॉलीबॉल. मी कॉलेजला गेलो आणि सुट्टीत बॉल घेऊन आलो. तूर काढून रिकाम्या झालेल्या वावरात आम्ही खेळायचो. हा आठवीतून शाळा सोडून दुसऱ्याच्या शेतात कामाला लागलेला. अनवाणी. काळ्या ढेकळांतूनही त्याच्या पायातला बॉल कोणाला निघत नसे. मी आमच्या कॉलेजच्या सरांना म्हटलं, "सर, याला घ्या ना." सरांनी विचारलं, "ॲडमिशन आहे का?" नाही म्हटल्यावर विषय संपला. नियमाने सर बरोबरच होते.

चुकलो ते मी. तो एकदा एसटीने आमची मॅच बघायला आला. कुंपणाबाहेर उभा होता. टीमची पोरं सोबत होती, त्याचा शर्ट मळका होता... मी बघून न बघितल्यासारखं केलं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. फॉर्म कॉलेजचा होता हे खरं, पण त्या दिवशी शिक्का मी मारला.

मागच्या दिवाळीत तो बसस्टँडवर भेटला. हसून म्हणाला, "अजून खेयतं का बे?"

मी नाही म्हटलं. त्याने चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. त्याचा पोरगा यंदा नववीत आहे म्हणाला. शाळा सोडू देणार नाही, हेही दोनदा म्हणाला.

असो. या सुट्टीत बोरीला जाताना बॅगेत बॉल टाकतोय. वावर रिकामं असेल तर बघू.