गावात पुतळा किंवा भित्तिचित्र: आधी जागा, मग ठराव, मूर्तिकार त्यानंतर

गावात पुतळा बसवायचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. आधी वर्गणी जमते, मग चार पोरं जाऊन मूर्तिकाराला ॲडव्हान्स देऊन येतात. जयंतीची तारीख ठरते, पत्रिकाही छापून होतात. आणि मग कुणीतरी विचारतं, परवानगीचं काय? तोपर्यंत पुतळा तयार झालेला असतो. एक तर तो ताडपत्रीत गुंडाळून कुणाच्या तरी शेडमध्ये पडून राहतो, नाहीतर रातोरात चौथऱ्यावर चढतो. रातोरात चढला की सकाळी पोलिसांची गाडी, दुपारी तहसीलदार आणि संध्याकाळपर्यंत गावात दोन तट. गुन्हे दाखल होतात ते वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांवर. पुढे पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी तेच आडवे येतात. पुढाऱ्यांचं फारसं काही बिघडत नाही.

हे टाळता येतं. त्यासाठी कुणाचं काम काय आणि कागद कोणत्या क्रमाने करायचे, हे माहीत असायला हवं.

परदेशात काही शहरांनी या कामासाठी वेगळा कला आयोगच नेमलेला आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने १९७३ मध्ये नियम केला की ठरावीक सरकारी बांधकामांच्या खर्चातला १ टक्का कलाकृतींसाठी ठेवायचा. कलाकार निवडायला समिती बसते, तिच्यात कलेतली जाणकार मंडळी असतात आणि त्या भागातल्या लोकांचंही म्हणणं घेतलं जातं. दिल्लीतही १९७३ च्या कायद्याने नागरी कला आयोग आहे, पण त्याचा भर इमारती आणि परिसराच्या रूपावर. महाराष्ट्रातल्या खेड्यासाठी असा एकच आयोग नाही. हेच काम इथे पाच ठिकाणी वाटलेलं आहे: ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, बांधकाम खातं आणि मुंबईचं कला संचालनालय. गावकरी दमतात ते या पाच दारांमध्ये. कोणतं दार आधी, हे कळलं की निम्मी धावपळ वाचते.

जागा कुणाची?

पहिला कागद जागेचा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर यापुढे पुतळा किंवा बांधकाम उभारायला परवानगी देऊ नये. रस्त्यावरचे दिवे, वाहतुकीच्या सोयी, रस्त्याचं सुशोभीकरण अशा गोष्टी त्यातून वगळल्या. हे प्रकरण केरळमधल्या एका रस्त्यावरच्या पुतळ्याचं होतं, आदेश मात्र सगळ्या राज्यांना लागू आहे. त्यामुळे ‘भर चौकात, रस्त्याच्या मधोमध’ हा हट्ट आता चालत नाही. एसटी स्टँडसमोरचा चौक गावाला आपला वाटतो. तो राज्यमार्गावर असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो आणि गावरस्त्याचा असेल तर बहुधा जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा.

रस्ता सोडून बाजूची मोकळी जागा घ्यायची तरी ती कुणाच्या नावावर आहे, हे सातबाऱ्यावर किंवा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिकेवर पाहावं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. तो दाखवून मालकी सिद्ध होत नाही आणि अनेक प्रस्ताव इथेच अडकतात. गायरान तर सरकारी जमीन. ग्रामपंचायतीने ठराव केला म्हणून ती वापरता येत नाही. शाळेचं आवार जिल्हा परिषदेचं असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकाराला अर्थ नाही. गाव किल्ल्याजवळ किंवा जुन्या लेण्यांजवळ असेल आणि ते स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे. त्यापुढच्या २०० मीटरात वेगळी परवानगी लागते. चौथरा हेही बांधकामच.

ठरावात काय लिहायचं

जागा पक्की झाली की विषय ग्रामसभेत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. पुतळ्याचा विषय तिथेही ठेवावा. चौकातला कट्टा पुरुषांनी भरून जाणार की बायाबापड्यांना तिथे टेकता येणार, हा प्रश्न त्या सभेत निघतो. पुरुषांच्या सभेत सहसा निघत नाही.

‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्या एका ओळीच्या ठरावाने पुढे काम भागत नाही. पुतळा कुणाचा, गट नंबर कोणता, पुतळ्याची उंची किती, चौथऱ्याची वेगळी किती, उभा की बसलेला की अर्धाकृती, धातू कोणता, पैसा कुठून आणि देखभाल कुणाकडे, हे सगळं ठरावात यावं. उंची नोंदवली नाही तर पुढे ती वाढतच जाते. शेजारच्या गावात नऊ फुटी बसला की आपला अकरा फुटी, असं होतं. वर्गणी गोळा करायची असेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि पावती पुस्तक ठेवावं. गावातली भांडणं पुतळ्यावरून कमी, हिशोबावरून जास्त होतात.

राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या पुतळ्यांबाबत सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय आहे. मंजुरीचं काम त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिलं. पोलिसांचा कायदा-सुव्यवस्थेचा अभिप्राय, जागेची कागदपत्रं, चौथऱ्याचा नकाशा, खर्च आणि देखभाल आम्ही करू असं हमीपत्र, त्याच व्यक्तीचा पुतळा जवळपास आधीच आहे का याची माहिती, हे सगळं त्या समितीपुढे जातं. प्रस्ताव देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातून त्या दिवशी लागू असलेल्या अटींची प्रत मागून घ्यावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबू नये.

मातीचं मॉडेल हीच खरी वेळ

पुतळा थेट धातूत घडत नाही. मूर्तिकार आधी लहान नमुना करतो, मग शाडू किंवा तशाच मातीत मोठं मॉडेल. त्यावरून प्लास्टरचा साचा निघतो, साच्यातून मेणाचा पातळ थर, आणि मेण वितळवून त्या जागी तापलेलं ब्राँझ ओततात. मोठा पुतळा तुकड्या-तुकड्यांत ओतला जातो आणि नंतर जोडला जातो. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं, त्यात कथील. मातीत नाक बदलायला अर्धा तास लागतो. ब्राँझमध्ये तेच नाक बदलायचं म्हणजे तुकडा कापायचा आणि नवा ओतायचा, आणि त्याचं बिल गावाच्या डोक्यावर.

कला संचालनालयाची मान्यता या मातीच्या मॉडेललाच घ्यायची असते. हे कार्यालय १९६५ पासून आहे, मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या आवारात. चेहऱ्यातलं साम्य, शरीराचं प्रमाण, पोशाख आणि शस्त्रं काळाला धरून आहेत का, हे तिथली जाणकार मंडळी पाहतात. पण त्यांनी पाहिलं म्हणून गावाने पाहू नये, असं नाही. निम्म्या गावांत मातीचं मॉडेल पाहायला फक्त समितीचा अध्यक्ष आणि दोन कार्यकर्ते जातात, सेल्फी काढतात आणि जेवून परत येतात.

जाणाऱ्यांमध्ये एक शिक्षक आणि एखादी जाणती बाई असावी. पुतळा गावच्याच स्वातंत्र्यसैनिकाचा किंवा शहीद जवानाचा असेल तर त्याला जवळून पाहिलेलं माणूस हवंच. फोटोत उंची कळत नाही, चालण्याची ढब कळत नाही. गाडगेबाबांच्या हातात खराटा आणि गाडगं आहे ना, बाबासाहेबांच्या हातातलं पुस्तक आणि उंचावलेला हात नीट बसलाय ना, महाराजांचा जिरेटोप आणि तलवार त्या काळाची आहे ना, हे विचारायला लाज वाटू देऊ नये.

आणखी एक गोष्ट. पुतळा आठ फुटी चौथऱ्यावर चढणार असेल तर लोक तो खालून बघणार. समोर उभं राहून छान दिसणारं मॉडेल खालून पाहिलं की डोकं बारीक आणि हनुवटी मोठी दिसते. चांगले मूर्तिकार हे हिशोबात धरून डोकं थोडं मोठं करतात. म्हणून मॉडेलसमोर जमिनीवर बसून वर बघावं, चारही बाजूंनी. मोबाइलवर आलेला समोरचा फोटो पाहून होकार कळवू नये.

उंची बदलली की मान्यतेचा अर्थही बदलतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. सहा फुटांच्या मातीच्या मॉडेलला मान्यता दिली होती, ३५ फुटांचं आम्हाला कळवलं नव्हतं, असं तेव्हाच्या कला संचालकांनी माध्यमांना सांगितलं. पडण्याच्या थोडे दिवस आधी बांधकाम खात्याच्या पत्रात नट-बोल्ट गंजत असल्याचा उल्लेख होता. पुढे त्याच जागी राम सुतार यांच्या शिल्पशाळेने केलेला ६० फुटी पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला. सुतार हे मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. गावातला पुतळा एवढा मोठा नसतो, पण आतला सांगाडा, जोड आणि पाया तिथेही असतोच. ते कला संचालनालय नव्हे, अभियंता तपासतो. त्याची सही वेगळी घ्यावी लागते.

धातूचा खर्च झेपत नाही म्हणून फायबरचा पुतळा घेऊन त्यावर ब्राँझचा रंग मारायची पद्धत वाढली आहे. हलका असतो, लवकर मिळतो. पण उन्हात काही वर्षांनी रंग उडतो, तडे जातात, एखादा दगड लागला तरी तुकडा निघतो. आणि पुतळ्याचा तुकडा निघाला की ती बातमी गावापुरती राहत नाही, विटंबना म्हणून तालुका बंद होतो. पूर्णाकृती फायबरपेक्षा अर्धाकृती ब्राँझ केव्हाही बरा.

भिंत रंगवायची असेल तर

पुतळ्याइतका पैसा नाही आणि तेवढी कटकटही नको, तर भित्तिचित्र हा चांगला मार्ग आहे. महाबळेश्वरजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा कलाकारांनी तिथल्या घरांच्या भिंती रंगवल्या आणि गावाचं रूपच पालटलं. पालघरकडच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक भिंतीवर काढायची रीत तर किती जुनी आहे. ती कला जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणून जगभर नेली. सिंधुदुर्गात पिंगुळीची चित्रकथी आहे. मात्र शाळेच्या भिंतीवर वारली काढायची असेल तर ती काढणाऱ्या माणसालाच बोलवावं. इंटरनेटवरून उतरवलेल्या त्रिकोणी बाहुल्या सगळ्या जिल्ह्यांत सारख्याच दिसायला लागल्या आहेत.

भिंत खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी. नाहीतर मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा राज्याचा कायदा लागू शकतो. काम पावसाळा संपून भिंत सुकल्यावर काढावं. जुना चुना खरवडल्याशिवाय वर रंग टिकत नाही, आणि नव्या प्लास्टरला तीन-चार आठवडे द्यावेत. जमिनीलगतचे दोन फूट चित्राशिवाय गडद रंगात ठेवावेत. पावसाचा चिखल तिथेच उडतो, बकऱ्या तिथेच अंग घासतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत झाकावं लागेल असं नाव किंवा चिन्ह चित्रात नको.

कलाकाराशी साध्या कागदावर का होईना, करार करावा: चित्र किती वर्षं ठेवणार, डागडुजी कोण करणार, पुसायचं झालं तर आधी कळवणार की नाही. हे शहरी थाट वाटतील, पण कायद्यात कलाकाराचा हक्क आहे. अमरनाथ सहगल या शिल्पकाराचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं गेलं, तुकडे झाले. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला केंद्र सरकारला सांगितलं. नव्या सरपंचाने आल्या आल्या जुन्या बॉडीच्या काळातली भिंत चुन्याने पांढरी करायची, हा प्रकार गावोगाव होतो. करारात दोन ओळी असल्या तर निदान रंगाचा डबा उघडण्याआधी ग्रामसेवकाला फाइल काढावी लागते.