संवादांची तबकडी

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. गाणी आर. डी. बर्मनची, पण थिएटरबाहेर लोकांच्या तोंडी होते ते अमजद खानच्या गब्बरचे संवाद. पॉलिडोर कंपनीने ते हेरले आणि चक्क संवादांची एल.पी. काढली! तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हता. सिनेमा पुन्हा 'पाहायचा' तर कानांनीच. गणपतीच्या मांडवातही हे संवाद वाजत.

मी नुकताच शाळेत लागलो होतो. पगारातून ती तबकडी आणली, तर अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. मग रोज संध्याकाळी म्हणत, "लाव रे तुझा तो गब्बर."

आता सारे मोबाईलवर मिळते. तबकडी मात्र मी अजून पुसून ठेवतो. तुमच्याकडे आहे का हो अशी एखादी?