फोटोतली आजी जशी होती तशी



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, आपण मंदिरातले ग्रंथ बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टने बांधतो. घरातले जुने फोटो हीसुद्धा आपल्या घराण्याची पोथीच आहे, पण तिला वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि मग पावसाळाभर घरात ओल असते. बुरशी, कसर, वाळवी या तिघींपुढे कागद किती टिकणार? म्हणून गेली काही वर्षे मी सासर-माहेरचे फोटो स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरवर दुरुस्त करते आहे.

फोटो हाती आला की आधी त्याची पाठ बघा. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘चांदा’ असेल तर तो बहुधा १९६४ च्या आधीचा, कारण त्या सुमारास शहराचे नाव चंद्रपूर झाले. पत्त्यात पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा शिक्का, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. ‘जि. गडचिरोली’ असेल तर २६ ऑगस्ट १९८२ नंतरचा, कारण त्या दिवशी तो जिल्हा वेगळा झाला. घरात कोणाला साल आठवत नसले तरी पाठ सांगते.

त्या काळच्या बायकांचे फोटो मुळातच कमी. परक्या पुरुषासमोर तोंड उघडे करून बसायचे कसे, हा प्रश्न होता. यावर मार्ग काढणाऱ्यांत एक नाव आपल्या समाजातले आहे, राजा दीनदयाळ यांचे. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला नोकरीला लागले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमले. आपल्याकडचा राजुरा तालुका तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. आपल्या आज्यांच्या नशिबी मात्र असा स्टुडिओ नव्हता. लग्नात किंवा यात्रेत निघालेला एखादाच फोटो, तोही डोक्यावर पदर आणि मान खाली. म्हणून तो एकच फोटो मोलाचा.

आता फोटो खराब का होतात ते पाहू. काळ्या-पांढऱ्या फोटोतली काळी छटा चांदीच्या बारीक कणांची असते. धुताना ‘हायपो’चे पाणी नीट निघाले नाही तर फोटो पिवळा पडतो आणि गडद भागावर निळसर चमक येते. १९७०-८० च्या दशकातल्या रंगीत फोटोंत निळसर-हिरवट रंग आधी उडतो, म्हणून ते लालसर दिसतात. पुसून किंवा घासून यातले काहीच जात नाही. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकटच स्कॅन करा. ६०० डीपीआय ठेवा आणि पहिली फाईल ‘टिफ’मध्ये साठवून तिला पुन्हा हात लावू नका. जे काय करायचे ते तिच्या नकलेवर. ‘गिम्प’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि घरच्या कामाला पुरते.

गंमत म्हणजे, कॉम्प्युटरवर स्कॅन झालेला जगातला पहिला फोटोही घरातलाच होता. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्रात घातला. जेमतेम १७६ बाय १७६ ठिपक्यांचे ते चित्र होते.

आज यंत्र एका बटणात सगळे करते, आणि खरी काळजी तिथेच आहे. डाग पुसणाऱ्या फिल्टरला आजीच्या हनुवटीवरचे गोंदण धुळीचा कणच वाटते. नाकातली चमकी त्याला ओरखडा वाटते. चेहरा ‘स्पष्ट’ करणारे नवे ॲप तर पुसट डोळ्यांच्या जागी स्वतःच्या कल्पनेचे डोळे बसवते. फोटो सुंदर होतो, पण त्यातली बाई आपली राहत नाही.

भर घालण्याची हौस नवी नाही. जुन्या स्टुडिओतही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवत, काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या साडीला हाताने रंग देत. पण आपल्या परंपरेत नक्कल करणाऱ्याचा धर्म वेगळा आहे. जुनी पोथी उतरवणारा शेवटी लिहून ठेवत असे, की जसे पाहिले तसेच लिहिले आहे.

याचे मोठे उदाहरण आपल्या विदर्भातच घडले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपलेला षट्खंडागम, धवला टीकेसह, डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केला. त्याचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. हाती होत्या त्या नकलांच्याही नकला. ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द सुटला असावा असे संपादकांना वाटले. त्यांनी तो मूळ पाठात गुपचूप घातला नाही, तळटीप दिली. सूत्र मनुष्यिणींविषयीचे, त्यामुळे मोठा वाद झाला. पुढे मूळ ताडपत्राशी ताडून पाहिले, तर तो शब्द तिथे होता. अंदाज खरा असूनही त्यांनी तो अंदाज म्हणूनच लिहिला, हे मला फार मोठे वाटते.

आमच्या घरी हाच प्रश्न आजेसासूबाईंच्या फोटोवरून आला. त्या ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. फोटोत पांढरे लुगडे, मोकळे कपाळ. पुतणी म्हणाली, “काकू, भिंतीवर लावायचा आहे, कुंकू लावून द्या ना, साडी हिरवी करा.” तिची माया मला कळत होती. पण मी तिला म्हटले, “अगं, याच मोकळ्या कपाळाने त्यांनी तीन लेकरे वाढवली, दुकान सांभाळले. कुंकू लावले तर फोटोतून नेमके तेच पुसले जाईल.” मी चिरा भरल्या, पिवळेपणा काढला, कपाळ तसेच ठेवले. ती थोडी हिरमुसली, पण फोटो भिंतीवर लागला.

कॉमर्सला आम्हाला शिकवले होते, की वहीत खाडाखोड करायची नाही. दुरुस्तीची नोंद वेगळी टाकायची. फोटोचेही तसेच करा. मूळ स्कॅन वेगळा, दुरुस्त प्रत वेगळी, आणि काय बदलले त्याची दोन ओळींची टीप सोबत. रंग भरायचाच असेल तर ‘रंग अंदाजाने’ असे लिहा. आपण सत्य अणुव्रत म्हणतो, ते जिभेपुरते नाही.

आणि येत्या श्रुतपंचमीला घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ फोटोंचा डबा घेऊन बसा. ती सांगेल ती नावे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने फोटोच्या मागे लिहा. ओरखडे पुढच्या वर्षीही भरता येतील, नावे मात्र तिच्याबरोबर जातील.