कार्व्हरच्याच कॉलेजातला जॅक ट्राइस

'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय. वीणा गवाणकरांच्या त्या पुस्तकामुळे अमेरिकेतलं आयोवा स्टेट कॉलेज मराठी घरांत पोचलं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, १८९१ सालचा. आज त्याच कॉलेजातल्या दुसऱ्या एका पोराची गोष्ट सांगतो.

नाव जॅक ट्राइस. जन्म १९०२, ओहायो राज्यातल्या हायरम गावी. क्लीव्हलंडच्या शाळेत फुटबॉल खेळायचा. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तर अंगावर धावून जायचा अमेरिकन फुटबॉल. शाळेचे कोच सॅम विलमन आयोवा स्टेटला गेले, त्यांच्यामागोमाग हाही गेला. पशुपालन शिकून दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना मदत करायची, हे त्याचं स्वप्न. अगदी कार्व्हरचीच वाट! १९२३ च्या उन्हाळ्यात लग्नही झालं.

आयोवा स्टेटच्या संघातला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तेव्हा काही विद्यापीठं असा खेळाडू असलेल्या संघाशी खेळायलाच तयार नसत.

६ ऑक्टोबर १९२३. मिनियापोलिसला मिनेसोटा विद्यापीठाशी सामना. आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने स्वतःसाठीच चार ओळी खरडल्या. आशय असा, की उद्या माझ्या समाजाची, घराची आणि माझी अब्रू पणाला लागलीय. एकवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर केवढं ओझं, बघा.

सामना सुरू होताच गळ्याजवळचं हाड मोडलं. तरी गडी मैदान सोडेना. तिसऱ्या सत्रात तो खाली पडला आणि समोरचे खेळाडू त्याला तुडवत गेले. मुद्दाम की खेळाच्या ओघात, यावर आजही वाद आहे. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, म्हणून रेल्वेत गवताच्या गादीवर झोपवून त्याला परत आणलं. ८ ऑक्टोबरला अंतर्गत रक्तस्रावाने तो गेला. कॉलेजच्या आवारात अंत्यविधीला सुमारे चार हजार माणसं जमली. ती चिठ्ठी त्याच्या कोटाच्या खिशात सापडली.

एवढं होऊनही लोक विसरलेच. व्यायामशाळेत एक फलक तेवढा उरला.

खरी गोष्ट पुढे आहे. १९७३ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी हा विषय उकरून काढला. नवं स्टेडियम बांधलं जात होतं, त्याला ट्राइसचं नाव द्या अशी मागणी झाली. १९७५ ला स्टेडियम सुरू झालं, पण नाव काही मिळेना. १९८४ मध्ये तडजोड निघाली: स्टेडियमचं नाव 'सायक्लोन', आतलं मैदान ट्राइसच्या नावाचं. पोरं गप्प बसली नाहीत. १९८८ मध्ये पुतळा आला. शेवटी १९९७ साली अख्खं स्टेडियम 'जॅक ट्राइस स्टेडियम' झालं.

म्हणजे जवळपास चोवीस वर्षं! कॉलेजातली पोरं चार वर्षांत पास होऊन निघून जातात. एका तुकडीने मागणी पुढे न्यायची, पुढच्या तुकडीच्या हातात द्यायची आणि आपण कामाधंद्याला लागायचं. ज्यांनी सुरुवात केली ते नाव लागेपर्यंत चाळिशी गाठून बसले असतील.

आपल्याकडेही नावांवरून वाद कमी नाहीत. पण ट्राइस ना पुढारी होता, ना देणगीदार. त्याच्या नावातून कुणाला मतं मिळणार नव्हती. तरी पोरांनी ते धरून ठेवलं.

आपल्या गावच्या मैदानाला कुणाचं नाव आहे? आणि खरं तर कुणाचं असायला हवं होतं? सांगा कमेंटमध्ये.