बारडाच्या गुहेतला विस्तव

सख्यांनो, झाईहून बहरोटच्या गुहा बघायला जायचं आपल्या गटात ठरतंय. निघण्याआधी त्या डोंगराची गोष्ट ऐका.

हद्दीपलीकडे, गुजरातेत संजाण आहे. इराणातून आलेल्या पारशांनी तिथे आपला पवित्र अग्नी, इराणशाह, स्थापला. पुढे सुलतानी फौजेने संजाण घेतलं. साल कोणी १३९३ सांगतं, कोणी १४६५. तेव्हा पारशी तो अग्नी घेऊन बारडाच्या डोंगरात लपले आणि १२ वर्षं तो विझू दिला नाही. ‘किस्सा-ए-संजाण’ या १५९९च्या सुमाराच्या फारसी काव्यात ही हकीकत आहे.

पावसाळ्यात चुलीतला विस्तव राखणं काय असतं, ते आपण जाणतो. तिथे तर बारा पावसाळे! सुकी लाकडं, पाणी कोणी वाहिलं असेल? बायांचा हात असणारच, असं आम्हाला वाटतं. त्यांची नावं मात्र कुठे नाहीत.

तो अग्नी १७४२पासून उदवाड्याला आहे.

आपण जाऊ ते पाऊस सरल्यावर, थंडीत. चढ उभा आहे. पहाटे निघायचं, पाणी-भाकरी बरोबर. पारशांना ती जागा आजही पवित्र आहे, तेव्हा आत गलका नको. गुडघे दुखत असतील त्यांनी आधीच सांगा, पायथ्याशी सोबतीला कोणीतरी थांबेल.